प्रचाराचा पैसा सरकारनं दिला, तर मिळेल कुणाला?

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचं शब्दांकन)



सकाळपासून राखीव जागांवर चर्चा चालू आहे. माझ्याकडे विषय आलाय पैशाचा. आपल्या बैठकांमध्ये हा विषय नेहमी शेवटी येतो, निम्म्या जणी एसटी गाठायला उठल्यावर. आज तो जेवणाआधी ठेवलाय, हीच प्रगती समजूया.

सुरुवात एका वहीपासून करते. आमच्या भागातल्या बचत गटाच्या एक अध्यक्षा नगरपरिषदेला अपक्ष उभ्या राहिल्या होत्या. आधी पक्षाकडे गेल्या होत्या. तिथे मुलाखतीत कामाबद्दल एक प्रश्न आणि खर्चाच्या तयारीबद्दल चार प्रश्न. तिकीट मिळालं नाही. मग पाटल्या गहाण ठेवून, गटातल्या बायकांकडून पन्नास-शंभर रुपये गोळा करून त्या लढल्या आणि पडल्या. निकालानंतर निवडणुकीच्या खर्चाचा हिशेब द्यावा लागतो. तो मुदतीत दिला नाही तर पुढे काही वर्षं निवडणूक लढवता येत नाही. म्हणून आम्ही दोघी वही घेऊन बसलो. रिक्षा, भोंगा, पत्रकं, चहा, वडापाव, सगळं लिहिलेलं. मध्येच एक नोंद होती : ‘सासूबाईंपाशी बसायला बाई, १५ दिवस.’ सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. ही घरी थांबली असती तर प्रचार झालाच नसता. हिशेब घेणाऱ्या कारकुनानं त्या ओळीवर रेघ मारली. म्हणाला, हा घरखर्च झाला, निवडणूक खर्च नाही.

नियमाप्रमाणे तो चुकला असं मला म्हणता येत नाही. पण परत येताना त्या बाईंनी मला विचारलं, “ताई, मतदानयंत्र सरकार आणतं, शाळेच्या खोल्या सरकार घेतं, बंदोबस्त सरकार देतं. मग उमेदवाराचा खर्चच तेवढा सरकार का देत नाही?”

मी लगेच म्हटलं, “द्यायलाच पाहिजे.” आपल्या चळवळीचं हे तयार उत्तर आहे. पैसेवाल्यांची सद्दी मोडायची तर निवडणूक सरकारी खर्चानं व्हावी, हे आपण ठरावांमध्ये लिहीत आलो आहोत. मग ठरवलं, जिथे असा पैसा खरोखर दिला गेला, तिथे काय झालं ते बघावं. वाचत गेले तसं माझं उत्तर तितकं सोपं राहिलं नाही. अजूनही मी ‘द्यायला पाहिजे’च म्हणते, पण त्यापुढे बरंच काही जोडावं लागतं. ते आज तुमच्यापुढे मांडते.

उदाहरण अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्याचं घेते. तिथे १९९१ साली विधिमंडळाचे सदस्य लाच घेताना पोलिसांच्या छुप्या कॅमेऱ्यात सापडले. मोठा गदारोळ झाला. १९९८ साली तिथल्या मतदारांनी थेट मतदान करून, अगदी थोड्या फरकानं, एक कायदा मंजूर केला. ‘स्वच्छ निवडणूक कायदा’ म्हणूया. सरकारी पैसा हवा असेल तर उमेदवारानं आधी आपल्या मागे माणसं आहेत हे दाखवायचं. ते कसं? विधिमंडळासाठी उभं राहायचं तर आपल्याच मतदारसंघातल्या दोनशे मतदारांकडून प्रत्येकी पाच डॉलर आणायचे. हे पाच डॉलर उमेदवाराला मिळत नाहीत, ते निवडणूक निधीत जमा होतात. एवढं केलं की सरकारकडून प्रचारासाठी ठरलेली रक्कम मिळते. पण त्यानंतर, सुरुवातीची किरकोळ रक्कम सोडता, कुणाकडूनही खाजगी पैसा घ्यायचा नाही. ज्याला हे नको असेल त्यानं खुशाल देणग्या घेऊन लढावं, सक्ती नाही. आणि या निधीचा मोठा भाग येतो कुठून? कोर्टात आणि रहदारीच्या गुन्ह्यांत जे दंड होतात, त्यांवरच्या दहा टक्के अधिभारातून.

दोनशे जणांकडून पाच-पाच डॉलर! हे वाचल्यावर मला हसू आलं. हे काम कुणाला जमतं? वर्षानुवर्षं दारोदार फिरून दहा-दहा रुपयांच्या पावत्या फाडणाऱ्या बायकांना. एका उद्योगपतीचा एक चेक इथे निरुपयोगी. दोनशे उंबरे चढावेच लागतात. आपल्याकडे ज्याला आपण ‘जनसंपर्क’ म्हणतो आणि पक्ष ज्याला ‘बायकांचं काम’ म्हणतात, तेच तिथे सरकारी पैशाचं दार उघडणारी किल्ली ठरलं.

२००२ साली जॅनेट नापोलिटानो या बाई तिथे गव्हर्नरपदासाठी उभ्या राहिल्या. तेव्हा त्या राज्याच्या ॲटर्नी जनरल होत्या. त्यांनी सरकारी निधी घेतला. गव्हर्नरपदासाठी चार हजार मतदारांचे पाच-पाच डॉलर आणावे लागत, ते आणले. समोर रिपब्लिकन पक्षाचे मॅट सॅमन, खाजगी देणग्यांवर लढणारे. आता इथे कायद्यातला खरा वादाचा भाग येतो. खाजगी पैसेवाला उमेदवार ठरावीक रकमेच्या पुढे गेला, की सरकारी निधीवर लढणाऱ्याला जवळजवळ तेवढीच जादा रक्कम मिळायची, मूळ अनुदानाच्या एकूण तिपटीपर्यंत. सॅमन यांच्यासाठी निधी गोळा करायला खुद्द राष्ट्राध्यक्ष बुश आले. त्या कार्यक्रमात जो पैसा जमला, त्याच्या हिशेबानं नापोलिटानो बाईंच्या खात्यातही सरकारी रक्कम जमा झाली! बाई बारा हजारांपेक्षाही कमी मतांनी निवडून आल्या. पूर्णपणे सरकारी निधीवर निवडून आलेल्या त्या तिथल्या पहिल्या गव्हर्नर.

आपल्याला टाळ्या वाजवाव्याशा वाटतात. वाजवा. पण समोरच्या बाजूचं म्हणणंही ऐका, कारण ते अगदीच टाकाऊ नाही. त्यांचं म्हणणं असं : मी माझ्या समर्थकांकडून रुपया मागतो, आणि त्या रुपयामुळे माझ्या विरोधकाला सरकार रुपया देतं. म्हणजे माझ्या बोलण्यालाच दंड. समोर सरकारी निधीवरचे तीन उमेदवार असतील तर माझ्या एका रुपयामागे तिघांना एकेक. शिवाय माझ्या बाजूनं कुणी तिसऱ्याच संघटनेनं जाहिरात केली, मला न विचारता केली, तरी पैसा विरोधकाला. मग मी बोलायचं की गप्प बसायचं?

हा वाद एका पक्षाविरुद्ध दुसऱ्या पक्षाचा होता असंही समजू नका. २०१० साली गव्हर्नर जॅन ब्रूअर, या रिपब्लिकन, याच सरकारी निधीवर लढत होत्या. त्यांच्याच पक्षातला एक प्रतिस्पर्धी स्वतःच्या खिशातून लाखो डॉलर ओतत होता. ऐन प्रचारात, जूनमध्ये, सर्वोच्च न्यायालयानं जादा रकमेला स्थगिती दिली. तेव्हा ब्रूअर बाईंना, ज्यांचं राजकारण आपल्यापैकी बहुतेकींना पटणार नाही, त्या कायद्याचा आधार अर्ध्या वाटेत सुटला. त्या तरीही जिंकल्या, तो भाग वेगळा. पैशाचा नियम आपल्या आवडीच्या बाईसाठीच नसतो, हे मला यातून नीट समजलं.

पुढे २७ जून २०११ ला निकाल लागला. नऊ न्यायमूर्ती, पाच विरुद्ध चार. मुख्य न्यायमूर्ती रॉबर्ट्स यांनी बहुमताचा निकाल लिहिला : उमेदवारांना समान पातळीवर आणणं हे सरकारचं काम नाही, आणि त्यासाठी एकाच्या बोलण्यावर ओझं टाकता येणार नाही. जादा रक्कम रद्द. मूळ अनुदान मात्र कायम. विरोधी मत लिहिलं एलेना केगन यांनी. त्यांचा मुद्दा साधा आहे : या कायद्यानं कुणाचंही तोंड बंद केलेलं नाही. पैसा दोन्ही बाजूंना देऊ केला होता, यांनी तो स्वतःहून नाकारला. आता दुसऱ्याला मिळाला म्हणून तक्रार कशाची? त्या वेळी त्या न्यायालयात तीन बायका होत्या, गिन्सबर्ग, सोटोमायोर आणि केगन. तिघीही त्या चारांत होत्या. बाई न्यायाधीश म्हणजे बाईच्या बाजूची, असा हिशेब मी मांडत नाही; पण ही गोष्ट मला सोडूनही देता येत नाही.

परिणाम काय झाला? मूळ रक्कम मिळत राहिली, पण समोरचा कितीही खर्च करू लागला तर आपले हात बांधलेले. त्यामुळे सरकारी निधी घेणाऱ्यांची संख्या पुढे घटली. कायदा पुस्तकात राहिला, त्यातली धार गेली.

असंच राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत झालं, ते थोडक्यात सांगते. तिथे १९७६ पासून मोठ्या पक्षांचे उमेदवार अंतिम लढतीसाठी सरकारी पैसा घेत आले. करभरणीच्या अर्जावर एक चौकट असते, त्यावर खूण केली की तीन डॉलर या निधीला जातात. २००८ मध्ये मॅककेन यांनी हा निधी घेतला, ८ कोटी ४१ लाख डॉलर. ओबामा यांनी आधी अनुकूल शब्द दिला होता आणि जूनमध्ये तो फिरवला. मॅककेन यांनी वचनभंगाचा आरोप केला. पण खुद्द मॅककेन यांच्यावरही डेमोक्रॅटिक पक्षाची तक्रार होतीच, की पक्षांतर्गत फेरीसाठी सरकारी निधीची तयारी दाखवून, त्या आधारानं कर्जाची सोय करून, मग ते त्यातून बाहेर पडले. आणि या तक्रारींचा निवाडा करणाऱ्या निवडणूक आयोगात त्या वेळी सहापैकी दोनच सदस्य उरलेले, कोरमच नाही! ओबामांनी संपूर्ण मोहिमेत सुमारे ७४ कोटी डॉलर जमवले. २०१२ पासून कुठल्याही मोठ्या पक्षाच्या उमेदवारानं अंतिम लढतीसाठी तो सरकारी पैसा घेतलेला नाही. दोघंही तत्त्वाचं बोलत होते आणि दोघंही बेरीज करत होते.

आता घरी येऊया. आपल्याकडे हा प्रश्न नवा नाही. १९७४ साली सर्वोच्च न्यायालयानं दिल्लीच्या एका खासदाराची निवड रद्द केली आणि सांगितलं, की पक्षानं उमेदवारासाठी केलेला खर्चही उमेदवाराच्याच हिशेबात धरायचा. त्याच महिन्यात सरकारनं वटहुकूम काढला आणि तो खर्च हिशेबाबाहेर नेला. २००३ च्या दुरुस्तीनं ही पळवाट पुष्कळशी आखडली. तरी नेत्यांचा प्रवास आणि पक्षाचा सर्वसाधारण प्रचार अजून बाहेरच आहे. २०२२ पासून मोठ्या राज्यांत उमेदवाराला मर्यादा आहे, लोकसभेला ९५ लाख, विधानसभेला ४० लाख. पक्षाला मर्यादाच नाही. म्हणजे जिच्यामागे पक्ष आहे तिला दोन खिसे, आणि आमच्या वहीवाल्या बाईंना एकच, तोही फाटका.

सरकारी खर्चाबद्दल सगळ्यांत जास्त बोललं गेलं ते इंद्रजित गुप्ता समितीबद्दल. १९९८ ची सर्वपक्षीय समिती. गुप्ता हे आयुष्यभर साधेपणानं राहिलेले कम्युनिस्ट नेते, त्यांच्या हेतूबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. समितीनं सरकारी मदतीची शिफारस केली, पण रोख नव्हे, वस्तुरूपानं : पेट्रोल-डिझेल, कागद, टपाल तिकिटं, मतदारयाद्या, ध्वनिक्षेपक, टेलिफोन. त्यासाठी केंद्रानं दर मतदारामागे दहा रुपये म्हणजे सहाशे कोटी, आणि तेवढेच राज्यांनी मिळून द्यावेत. आणि ही मदत कुणाला? फक्त मान्यताप्राप्त राष्ट्रीय आणि राज्यस्तरीय पक्षांना. अपक्षांना नाही.

हे वाक्य मी दोनदा वाचलं. त्यामागची भीती कळते. पैसा मिळतोय म्हटल्यावर उद्या गल्लीगल्लीत उमेदवार उभे राहतील. पण बाई अपक्ष का उभी राहते? हौस म्हणून? बहुतेक वेळा पक्षाच्या मुलाखतीत खर्चाच्या त्या चार प्रश्नांना तिच्याकडे उत्तर नसतं म्हणून. पैसा नाही म्हणून तिकीट नाही, आणि तिकीट नाही म्हणून सरकारी पैसाही नाही. समितीचा विचार लोकसभा-विधानसभेपुरता होता. आपल्या बायका जिथे खरोखर हजारोंनी आहेत, त्या ग्रामपंचायती आणि नगरपरिषदा त्यात नव्हत्याच.

आणि ती वस्तूंची यादी पुन्हा पाहा. पेट्रोल आहे, भोंगा आहे, कागद आहे. उमेदवाराला घरीच कुणीतरी गरम जेवण वाढतंय, मुलं सांभाळतंय, म्हाताऱ्यांचं बघतंय, हे गृहीत धरून केलेली ती यादी आहे. २०१८ साली अमेरिकेत ल्यूबा ग्रेशन शर्ली या दोन मुलांच्या आईनं काँग्रेसची निवडणूक लढवताना निवडणूक आयोगाला विचारलं, की प्रचारनिधीतून मुलं सांभाळणाऱ्या बाईचा पगार देऊ का? आयोगानं एकमतानं परवानगी दिली. तो निधी देणग्यांचा होता, सरकारी नव्हता, आणि बाई निवडणूक हरल्या. तरीही ‘हा घरखर्च’ म्हणून मारलेली रेघ तिथे पुसली गेली. मला आमची वही आठवली.

एक गोष्ट आणखी. सरकारी पैसा निवडणुकीत यावा की नाही, असा वाद आपण घालतो, पण तो आलेलाच आहे. १९७९ पासून राजकीय पक्षांच्या उत्पन्नाला प्राप्तिकरात सूट आहे. पक्षाला देणगी देणाऱ्याला २००३ च्या कायद्यापासून करसवलत आहे. आकाशवाणी-दूरदर्शनवर मोफत वेळ आहे, तोही मान्यताप्राप्त पक्षांनाच. सरकारनं सोडून दिलेला कर हा सरकारचाच पैसा. उद्योगपतीनं पक्षाला पाच लाख दिले तर त्याला सवलत. गटातल्या बाईनं आपल्या अपक्ष मैत्रिणीला शंभर रुपये दिले तर तिला कसली सवलत, ती तर करच भरत नाही. निवडणूक रोख्यांची योजना १५ फेब्रुवारी २०२४ ला सर्वोच्च न्यायालयानं पाचही न्यायमूर्तींच्या एकमतानं घटनाबाह्य ठरवली. गुपचूप देणग्यांचं ते एक दार बंद झालं. त्यानंतर सरकारी निधीची भाषा पुन्हा होऊ लागली आहे. ती होईल तेव्हा पक्ष आपापसात भांडतील ते वाटपाच्या सूत्रावरून : मागच्या निवडणुकीतल्या मतांप्रमाणे द्यायचं की जागांप्रमाणे? मागच्या मतांप्रमाणे दिलं की जो सत्तेत आहे त्याला जास्त. कायदा आयोगानंही १९९९ मध्ये म्हटलं, की पक्षांनी दुसरीकडून पैसा घेणं बंद केलं तर पूर्ण सरकारी खर्च इष्ट. पुढे २०१५ च्या अहवालात तो सध्या शक्य नाही असं म्हटलं. या कुठल्याही भांडणात आपली वहीवाली बाई पक्षकार नाही.

म्हणून मला वाटतं, ‘सरकारी खर्चानं निवडणूक’ एवढंच ठरावात लिहून आपण थांबू नये. पैसा मागतो आहोत तर तो कुठल्या दारातून यावा हेही मागावं. पक्षाच्या चिन्हावर नको, माणसांच्या पाठिंब्यावर द्या. वॉर्डातल्या शंभर-दोनशे मतदारांनी दहा-दहा रुपये आणि सही दिली असेल, तर ती बाई अपक्ष असो की पक्षाची, तिला मदत मिळावी. त्यातून खोट्या उमेदवारांची भीतीही बरीच कमी होते. खोट्या उमेदवाराला दोनशे उंबरे कोण चढू देतं? न्यूयॉर्क शहरात लहान देणगीमागे आठपट सरकारी भर मिळते, ठरावीक रकमेपर्यंत. तिथे समोरच्याच्या खर्चाचा संबंधच नाही, म्हणून २०११ च्या निकालाची आडकाठीही नाही. २०२१ मध्ये त्या शहराच्या ५१ जणांच्या सभागृहात प्रथमच बायकांचं बहुमत झालं, ३१. श्रेय एकट्या पैशाला देऊ नका, अनेक जुने सदस्य मुदतमर्यादेमुळे बाहेर पडले होते आणि बायकांच्या संघटनांनी काही वर्षं त्यासाठीच काम केलं होतं. पण पैशाचा अडसर कमी झाला होता, हेही खरं.

इथे मघाशी कुणीतरी कुजबुजलं, की दहा-दहा रुपये गोळा करण्याची अट म्हणजे पुन्हा बायकांनाच राबवणं. आक्षेप बरोबर आहे. दलित वस्तीतल्या बाईला गावच्या वरच्या आळीत जाऊन सही मागणं किती अवघड असतं, हे मला सांगायला नको. तिथे सही देणाऱ्याचं नाव गुप्त राहील का, हा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. नाव जाहीर केलं तर देणाऱ्याला त्रास, गुप्त ठेवलं तर रोख्यांसारखीच पळवाट. यावर तुमच्याकडून ऐकायचं आहे.

आणि सांभाळणुकीचा खर्च. मुलांचा, म्हाताऱ्यांचा, आजाऱ्याचा. तो निवडणूक खर्चाच्या नमुन्यात स्वतंत्र ओळ म्हणून यावा. सरकारी पैसा मिळायला वर्षं लागतील, पण ही ओळ मागायला आजही हरकत नाही. त्यासाठी पुरावा लागेल. तो आपल्याकडेच आहे, आपल्या पडलेल्या आणि निवडून आलेल्या मैत्रिणींच्या वह्यांमध्ये.

त्या बाई आज इथे आल्या आहेत, मागे बसल्यात. वही आणली आहे. जेवणानंतर ज्या ज्या जणी निवडणूक लढल्या आहेत, त्यांनी त्यांच्याभोवती बसावं, आणि आपापल्या खर्चात कुठल्या ओळींवर रेघ मारली गेली, किंवा कुठल्या ओळी आपण भीतीनं लिहिल्याच नाहीत, ते सांगावं. मी लिहून घेते.